मांजराला इन्सुलिन चालू आहे, तरी साखर खाली येत नाही: युनिट वाढवण्याआधी काय तपासायचं

माझ्या घरात आजवर दोन मधुमेही मांजरं झाली. दोघांना मिळून काही हजार इंजेक्शनं मी स्वतः दिली असतील. शिवाय ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर त्यांच्या वह्या, सिरिंजा आणि बाटल्या समोर ठेवून कुठे चुकतंय ते शोधत बसले आहे. तक्रार जवळजवळ प्रत्येक वेळी तीच असते: "एक युनिटवरून दोन केलं, दोनवरून तीन केलं, तरी आकडा हलत नाही. आता अजून किती वाढवू?"

मी पशुवैद्य नाही. मात्र हा बिघाड इतक्या वेळा पाहिलाय की उत्तर द्यायच्या आधी मी आता नेहमी बाटली आणि सिरिंज दाखवायला सांगते. बहुतेक घरांत खोट डोसच्या आकड्याच्या आधीच कुठेतरी असते: सिरिंजमध्ये, बाटलीत, हातात, केसांत किंवा ताटलीत.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती कुणी सांगत नाही आणि मांजरं तिच्यामुळेच जातात. चूक चालू असताना डोस वाढवत नेलेला असतो. ज्या दिवशी ती चूक सुधारते, त्या दिवशी तो वाढवलेला डोस पहिल्यांदाच पूर्णपणे अंगात जातो. म्हणून खाली दिलेल्या तपासण्यांपैकी कुठेही चूक सापडली, तर पुढचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि विचारा, "ही चूक सापडली, आता किती युनिटपासून सुरू करू?" हा फोन टाळू नका.

लक्षणं

साखर जास्त राहत असेल तर मांजर पाण्याच्या भांड्यापाशी सतत दिसतं. लिटर बॉक्समधले लघवीचे गोळे मोठे होतात आणि त्यांची संख्याही वाढते. मांजरात रक्तातली साखर साधारण २५० ते २९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून तहान आणि लघवी या दोन्ही खुणा एकत्रच येतात. खाणं भरपूर असूनही वजन उतरतं, पाठीचा कणा हाताला लागायला लागतो. केस रुक्ष होतात. काही मांजरं मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून, जवळजवळ बसल्यासारखी चालतात आणि पूर्वी सहज चढायची त्या खुर्चीवर उडी मारायचं टाळतात. हा नसांवर झालेला परिणाम आहे. साखर आटोक्यात आल्यावर तो बऱ्याचदा हळूहळू सुधारतो, पण त्याला महिने लागतात.

साखर फार खाली गेली तर चित्र वेगळं असतं. अचानक अधाशासारखी भूक किंवा उलट एकदम गप्प होऊन कोपऱ्यात लपणं, झोकांड्या, थरथर, मोठ्या झालेल्या बाहुल्या, हाक मारल्यावर शून्य नजर आणि शेवटी झटके. यातलं काही दिसत असेल तर वाचणं इथेच थांबवा. मांजर शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर लगेच नेहमीचं खाणं पुढे करा. खात नसेल तर साधारण एक चमचा मध किंवा ग्लुकोजचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांवर चोळा. झटका चालू असताना किंवा शुद्ध नसताना तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. अशा वेळी बोट दातांपासून सांभाळून हिरडीला फक्त पाक लावा आणि दवाखान्याकडे निघा. मधाने मांजर पाच-दहा मिनिटांत सावरलं तरी धोका टळलेला नसतो. मधाचा परिणाम थोडा वेळ टिकतो आणि इन्सुलिन पुढचे कित्येक तास काम करत राहतं. डॉक्टरांशी बोलेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी साखर बघत राहा.

तिसरा प्रकार: मांजर खात नाही, उलट्या करतं, मलूल पडून आहे, श्वास जोरात चालू आहे, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. ही कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा रक्तात तयार होणारे आम्ल पदार्थ) साठल्याची लक्षणं असू शकतात. यावर घरी करण्यासारखा उपाय नाही. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, दवाखाना गाठायचा.

या दोन्ही टोकांपैकी काही नसेल, मांजर खातंय-फिरतंय आणि फक्त साखर उतरत नसेल, तर पुढे वाचा.

१. सिरिंज आणि बाटली एकमेकांची आहेत का

याला पैसे लागत नाहीत आणि वेळ एक मिनिट. तरीही सगळ्यात मोठ्या चुका मी इथेच पाहिल्या आहेत.

मांजरांसाठी बहुधा दोन तीव्रतांचं इन्सुलिन वापरतात. यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि यू-१०० म्हणजे तेवढ्याच द्रवात १०० युनिट. प्राण्यांसाठीची प्रोझिंक आणि कॅनइन्सुलिन यू-४० असतात, तर ग्लार्जीन म्हणजे लँटस साधारणपणे यू-१०० मध्ये वापरतात. सिरिंजवरच्या रेघा ज्या त्या तीव्रतेप्रमाणे आखलेल्या असतात. यू-४० च्या सिरिंजचं टोपण बहुधा लाल आणि यू-१०० चं केशरी असतं. पण रंगावर विसंबू नका, नळीवर काय छापलंय ते वाचा.

यू-४० इन्सुलिन यू-१०० च्या सिरिंजमध्ये पाचाच्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात दोनच युनिट जातात. एका घरात नेमकं हेच चालू होतं. "पाच युनिट" देऊनही साखर ढिम्म, म्हणून सगळे हैराण. मग कुणीतरी बरोबर सिरिंज आणून दिली, त्यांनीही विश्वासाने पाचाच्या रेघेपर्यंतच भरलं आणि दोनाच्या जागी खरे पाच युनिट गेले. मांजर रात्रभर सलाईनवर होतं. वाचलं. सुरुवातीला जो फोन करायला सांगितला तो याचसाठी.

उलटी अदलाबदल पहिल्याच इंजेक्शनला घातक ठरते. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये एकाच्या रेघेपर्यंत भरलं की अडीच युनिट जातात.

बाटलीवरची तीव्रता आणि सिरिंजवरची तीव्रता मोठ्याने वाचा. जुळत नसेल तर इंजेक्शन देऊ नका. घरच्या घरी गुणाकार-भागाकार करून चुकीच्या सिरिंजने भागवणं शक्य असतं, पण अर्धवट झोपेत किंवा घाईत तेच गणित कधीतरी उलटतं. बरोबर सिरिंज येईपर्यंत एखादा डोस चुकला तरी चालतो.

२. बाटली

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहिलेली आहे का? नसेल तर आजपासून लिहा. ग्लार्जीनच्या पत्रकावर उघडल्यापासून २८ दिवसांची मुदत दिलेली असते. सतत फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली काही डॉक्टर त्यापुढेही वापरू देतात, पण ते त्यांना विचारून ठरवा. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झाल्यावर अगदी नीट दिसतं, तरी ते टाकून द्यायचं. फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या बाटल्या गोठतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

ग्लार्जीन पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं. गढूळ झालं किंवा त्यात कण दिसले तर ते वापरायचं नाही. प्रोझिंक आणि कॅनइन्सुलिन मुळातच दुधाळ असतात आणि ठेवल्या जागी त्यांचा साका खाली बसतो. तो न मिसळता भरलं तर बाटली नवी असताना एक ताकद आणि संपत आल्यावर दुसरीच ताकद मिळते. प्रोझिंकची बाटली हळुवार फिरवून मिसळायची, कॅनइन्सुलिन एकसारखं दुधाळ होईपर्यंत हलवायचं. ग्लार्जीनला हलवायची गरज नाही.

शंका असेल तर नवी बाटली उघडणं हा सोपा उपाय आहे, पण जुनी बाटली उतरलेली असेल आणि डोस तिच्यावर चढवत नेलेला असेल, तर नवीतल्या तेवढ्याच युनिटांचा परिणाम जास्त होईल. नवी बाटली सुरू केल्यावरचे दोन-तीन दिवस मी साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा बघते, एरवी सगळं सुरळीत असलं तरीही.

३. भरणारा हात

यू-१०० चं एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग, पाण्याच्या एका थेंबाच्या साधारण पाचव्या हिस्स्याइतका. एवढ्याशा द्रवात एक बुडबुडा शिरला तर त्याने अर्धा डोस खाल्लेला असू शकतो. बुडबुडा कातडीखाली गेल्याने इजा होत नाही, पण त्याच्या जागी इन्सुलिन असायला हवं होतं. सिरिंज उभी धरून टिचकी मारा, बुडबुडा वर आला की बाहेर ढकला, मग रेघ पुन्हा जुळवा.

सिरिंज ०.३ मिलिलिटरची आणि शक्यतो अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली घ्या. मोठ्या सिरिंजवर एक आणि दीड युनिटमधला फरक डोळ्याला कळत नाही. चष्मा लावा, लागलं तर भिंगही वापरा. दट्ट्याची कुठली कड रेघेला लावायची, वरची की खालची, यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत हवं. एका कुटुंबात सकाळचा आकडा नेहमी बरा आणि संध्याकाळचा वाईट यायचा. कारण असं निघालं की बाप आणि मुलगी दोन वेगवेगळ्या कडा जुळवत होते.

याच्याच जोडीला एक वही ठेवा: तारीख, वेळ, इंजेक्शनआधीची साखर, किती खाल्लं, किती युनिट, कोणत्या बाजूला, कुणी दिलं. वही भिंतीवर किंवा फ्रीजच्या दारावर टांगा आणि सुई टोचण्याआधी लिहा. "तू दिलंस का?" "मला वाटलं तू दिलंस" या संवादातून दोनदा इंजेक्शन जातं किंवा एकदाही जात नाही.

४. सुई कुठे जाते

ही तपासणी मी सगळ्यात जिव्हाळ्याने सांगते, कारण माझ्या पहिल्या बोक्याच्या बाबतीत दीड महिना गेला तो यातच. दाट केसांचा होता. मी मानगुटीची कातडी उचलायचे, सुई घालायचे, दट्ट्या दाबायचे. इन्सुलिन कधी कातडीखाली जायचं, कधी आरपार दुसऱ्या बाजूच्या केसांत. डोस वाढत गेला. शेवटी एकदा इंजेक्शन दिल्यावर बोटांना औषधी, फिनेलसारखा वास आला आणि केस ओले लागले, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

म्हणून इंजेक्शननंतर प्रत्येक वेळी त्या जागेवरून बोट फिरवा आणि वास घ्या. ओलं लागलं तर डोस पूर्ण किंवा थोडा बाहेर गेलाय. किती आत गेलं हे कळायला मार्ग नाही, म्हणून पुन्हा टोचायचं नाही. वहीत "केसांत गेलं" असं लिहा आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबा. एक डोस हुकला तर मांजराला थोडी जास्त तहान लागेल. दोन डोस एकावर एक पडले तर जीव जाऊ शकतो.

मानगुटीची कातडी जाड असते आणि तिथे रक्तपुरवठा कमी. वर्षभर तिथेच टोचत राहिलं तर जागा घट्ट होते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. बरगड्यांच्या मागे दोन्ही कुशींची सैल कातडी त्यापेक्षा बरी. सकाळी डावी, संध्याकाळी उजवी, आणि रोज जागा बोटभर सरकवायची. गरज असेल तर डॉक्टरांकडून तिथले केस थोडे कापून घ्या. मी ते केलं आणि पहिल्याच आठवड्यात आकडे बदलले. अर्थात डोस आधी खाली आणून.

इंजेक्शनांमध्ये बारा तासांचं अंतर ठेवा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. सकाळी सहाला आणि रात्री अकराला असं रोजचं वेळापत्रक असेल तर मात्र मधले काही तास इन्सुलिनशिवाय जातात.

५. ताटली

सुकं खाणं दाण्याच्या आकारात टिकायला पिष्ट लागतं, त्यामुळे "मधुमेहासाठी" असं लिहिलेल्या सुक्या खाण्यातही ओल्यापेक्षा कर्बोदकं जास्त असू शकतात. मधुमेही मांजराच्या खाण्यात कर्बोदकांतून येणाऱ्या कॅलरी साधारण १२ टक्क्यांच्या आत असाव्यात. हे बहुधा ओल्या, प्रथिनांनी भरलेल्या खाण्यातच साधतं. घरात दुसरं मांजर असेल तर त्याची ताटली कोण चाटतंय तेही बघा. बक्षीस म्हणून दिलेले चार दाणेही वहीत लिहा.

आता सावध राहायची गोष्ट. खाणं बदललं की इन्सुलिनची गरज काही दिवसांतच, कधी दोन-तीन दिवसांत, झपाट्याने उतरू शकते. सुक्यावर बसवलेला डोस ओल्यावर तसाच चालू ठेवला तर साखर कोसळते. म्हणून "आजपासून चांगलं खाणं" हा निर्णय डॉक्टरांना कळवल्याशिवाय घेऊ नका आणि बदलाच्या दिवसांत घरी साखर मोजत राहा.

आणि मांजराने खाल्लंच नाही किंवा खाऊन ओकलं, तर नेहमीचा डोस सवयीने देऊ नका. अशा वेळी किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. रात्री नऊला फोन लागत नसताना तो कागद उपयोगी पडतो.

६. दुसरं औषध

खाज, दमा, हिरड्यांची सूज किंवा आतड्याचा आजार यासाठी मांजराला स्टेरॉइड दिलंय का? प्रेडनिसोलोनच्या गोळ्या इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. मिथाइलप्रेडनिसोलोनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन तर एकदा दिलं की कित्येक आठवडे अंगात राहतं आणि घरचे तोवर ते विसरून गेलेले असतात. माज थांबवायला दिलेली प्रोजेस्टेरॉनसारखी औषधंही हेच करतात. गेल्या तीन महिन्यांतली सगळी औषधं, कानात-डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा, एका कागदावर लिहा. स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नका, तेही घातक असतं. आणि ते उतरत जाईल तसं इन्सुलिनही उतरवावं लागतं.

७. मीटर खरं बोलतोय का

इथून पुढे थोडा खर्च आणि थोडा सराव लागतो.

मांजराच्या रक्तात बहुतेक साखर लाल पेशींबाहेरच्या द्रवात असते. माणसात लाल पेशींमध्येही बराच वाटा असतो. माणसांचा ग्लुकोमीटर माणसांचं प्रमाण धरून हिशेब करतो, म्हणून मांजराचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. प्राण्यांसाठी बनवलेला मीटर मांजरासाठी ठरलेल्या कोडवर वापरला तर जास्त जवळ जातो. दोन्हींपैकी कोणताही वापरा, पण एकच वापरा, आणि कोणता वापरताय ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते हद्दी त्याप्रमाणे ठरवतील. पट्ट्यांची मुदत बघा. डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्ट्या खराब होतात.

रक्त कानाच्या कडेवरून घ्यायचं. पायमोज्यात भरलेले कोमट तांदूळ किंवा कोमट कापड अर्धा मिनिट कानाला लावा. कडेवर व्हॅसलीनचा पुसट थर लावला की थेंब केसांत पसरत नाही, गोल राहतो. कानामागे कापसाचा बोळा धरून, कडेच्या शिरेच्या जरा बाहेर टोचा. नंतर मिनिटभर दाबून धरा आणि लगेच आवडीचा, पिष्ट नसलेला तुकडा द्या. पहिले आठ दिवस तुमचेच हात थरथरतील. त्यानंतर माझा दुसरा बोका मीटरची पिशवी दिसली की स्वतःहून येऊन बसायचा.

घरी मोजायचा हा खटाटोप का? घाबरलेल्या मांजराची साखर, मधुमेह नसतानाही, ३०० च्या आसपास जाऊ शकते. पिंजरा, गाडी, कुत्र्यांचे आवाज आणि अनोळखी हात यातून आलेल्या दवाखान्यातल्या एका आकड्यावर डोस वाढवणं म्हणजे भीतीला इन्सुलिन देणं. कातडीला चिकटवायचा सेन्सर चौदा दिवसांपर्यंत आकडे देतो आणि अनेक डॉक्टर तो मांजरांनाही लावतात. टोचायला अजिबात न देणाऱ्या मांजरासाठी तो वरदान आहे. पण तो रक्ताऐवजी कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून आकडा थोडा मागे राहतो. फार कमी दाखवला तर कानातून रक्त काढून खात्री करा. मांजराला लक्षणं दिसत असतील तर खात्रीची वाट न बघता आधी उपचार.

८. दिवसभराचा आलेख

वरचं सगळं ठीक निघालं, तरच आता डोसचा प्रश्न. त्याचं उत्तर इंजेक्शनआधीच्या आकड्यात मिळत नाही, दिवसभरात साखर कुठवर खाली उतरली त्यात मिळतं. त्यासाठी एक सुट्टीचा दिवस काढायचा. सकाळच्या इंजेक्शनआधी मोजायचं आणि मग रात्रीच्या इंजेक्शनपर्यंत दर दोन तासांनी. खाणं, वेळ, डोस सगळं नेहमीचंच ठेवायचं.

समजा आकडे असे आले: सकाळी ८ ला ३४०, १० ला २९०, १२ ला १९०, २ ला ९५, ४ ला १३०, ६ ला २४०, रात्री ८ ला ३३०. फक्त सकाळ-रात्र मोजणाऱ्याला ३४० आणि ३३० दिसतील आणि तो युनिट वाढवेल. पण दुपारी २ ला हे मांजर ९५ वर होतं. आणखी एक युनिट दिलं असतं तर ते कुठे गेलं असतं? इथे डोस पुरेसा आहे, त्याचा परिणाम मात्र बारा तास टिकत नाही. अशा वेळी डॉक्टर इन्सुलिनचा प्रकार बदलायचा विचार करतात. आकडा वाढवून हे सुटत नाही.

दुसरा आलेख: दिवसभर ३२०, २९०, २६०, २५०, २७०, ३१०. तळ २५० ला. इथे वाढवायला जागा असू शकते. तळ साधारण ८० ते १५० च्या दरम्यान यावा आणि बाकी दिवसभर आकडा ३०० च्या आत राहावा, अशी अपेक्षा असते. डॉक्टर बहुधा अर्धं युनिट वाढवतात आणि आठवडा-दोन आठवडे थांबून पुन्हा आलेख मागतात. ग्लार्जीनचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून आज वाढवलं आणि परवा पुन्हा वाढवलं, तर पहिल्या बदलाचा परिणाम दिसायच्या आत दुसरा त्यावर चढतो.

तिसरा, फसवा आलेख: दुपारी ५५ आणि रात्री ४२०. साखर फार खाली गेली की शरीर स्वतःला वाचवायला साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि काही मांजरांत ती नंतर बराच काळ चढलेली राहते. रात्रीचा ४२० बघून जास्त टोचलं तर दुसऱ्या दिवशी तोच खड्डा आणखी खोल होतो. इथे रात्रीच्या डोसआधीच, त्याच दिवशी, डॉक्टरांकडे जायचं, आणि डोस बहुधा कमी होतो.

घरी डोस बदलण्याबद्दल माझी रेघ स्पष्ट आहे. कमी करणं किंवा थांबणं हे घरी करता येतं, पण डॉक्टरांनी आधी लिहून दिलेल्या हद्दीप्रमाणे. वाढवणं फक्त आलेख त्यांना दाखवल्यावर. इंजेक्शनआधी साखर किती असेल तर टोचायचं नाही, हा आकडा तुमच्या मांजरासाठी त्यांच्याकडून घ्या. सुरुवातीच्या काळात अनेक डॉक्टर २०० च्या खाली असेल तर थांबून विचारायला सांगतात. आणि काही मांजरांची, विशेषतः खाणं सुधारून साखर लवकर आटोक्यात आलेल्यांची, इन्सुलिनची गरज पूर्ण संपतेसुद्धा. हे आनंदाचं आहे, पण रोज न मोजता टोचणाऱ्याला त्याचा पत्ता झटक्यानेच लागतो.

९. आता तुमचं काम संपलं

सिरिंज जुळते, बाटली ताजी आहे, इंजेक्शन आत जातंय, खाणं ठरलेलं आहे, स्टेरॉइड नाही, आलेखही खरा आहे, आणि तरी साखर वरच राहते. इथे घरी आणखी युनिट चढवत बसू नका. मांजराच्या अंगात दुसरं काहीतरी इन्सुलिनला अडवतंय आणि ते शोधायला तपासण्या लागतात. डॉक्टर दात-हिरड्या बघतील, लघवीचं कल्चर करतील (मधुमेही मांजरात मूत्रमार्गाचा संसर्ग काहीही लक्षण न दाखवता असू शकतो), थायरॉइड, मूत्रपिंडं आणि स्वादुपिंडाची सूज तपासतील. फ्रुक्टोसामाइनची रक्ततपासणी गेल्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज देते आणि एका दिवसाच्या भीतीने ती बदलत नाही.

डोस चढत चढत गेला आणि मांजराचं वजन उतरायच्या ऐवजी वाढतंय, चेहरा रुंद, पंजे मोठे दिसतायत, तर वाढीचं संप्रेरक जास्त तयार होण्याचा आजार तपासायला सांगा. त्यासाठी रक्तातलं आयजीएफ-१ (वाढीच्या संप्रेरकाबरोबर वाढणारं दुसरं एक संप्रेरक) बघतात. ब्रिटनमध्ये २०१५ साली छापून आलेल्या, बाराशेहून अधिक मधुमेही मांजरांच्या अभ्यासात साधारण चारातल्या एका मांजरात हा आजार असावा असं दिसलं. चेहऱ्यातला बदल सगळ्यांत दिसत नाही, म्हणून विचारायला संकोच करू नका.

पुढच्यापैकी काहीही असेल तर वरची यादी सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा:

• लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले, विशेषतः मांजर खात नसताना
• दिवसभर खाणं नाही, किंवा पुन्हापुन्हा उलट्या
• झटका आला, किंवा साखर ६० च्या खाली गेली, मग मांजर नंतर सावरलेलं दिसलं तरी
• दोनदा इंजेक्शन गेलं, किंवा चुकीच्या सिरिंजने जास्त गेलं (लक्षणं दिसायची वाट बघू नका, लगेच निघा)
• श्वास जोरात, अंग गार, उभं राहता येत नाही

जाताना बाटली, वापरलेली एक सिरिंज, मीटर, वही आणि खाण्याच्या डब्याचा फोटो बरोबर घ्या. शक्य असेल तर तिथे त्यांच्यासमोर, नेहमी भरता तसंच, इन्सुलिन भरून दाखवा.

माझ्या दुसऱ्या बोक्याच्या मागच्या दाढेच्या मुळाशी पू निघाला होता. बाहेरून काही दिसत नव्हतं. दाढ काढली आणि चार दिवसांत त्याची इन्सुलिनची गरज निम्म्यावर आली. शस्त्रक्रियेनंतर घरी निघताना मी डॉक्टरांना एकच विचारलं होतं: आज रात्री किती युनिट, आणि कोणत्या आकड्याखाली द्यायचंच नाही? त्यांनी ते फाइलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आणि त्या रात्री मीटरवर आकडा त्या हद्दीच्या खालीच आला. मी टोचलं नाही, त्याला खायला दिलं आणि पहाटेपर्यंत दर दोन तासांनी मोजत बसले.